दुकानातील जुना संगणक मंदावला? नवा घेण्यापूर्वी एवढे करून पाहा

व्यापारी आणि कारागीर बांधवांकडून एक तक्रार आमच्या कानावर वारंवार येते. संगणक फार हळू चालतो. सकाळी बटण दाबावे, झाडलोट करावी, चहा घ्यावा, तेव्हा कुठे टॅलीचा पडदा उघडतो. गिऱ्हाईक समोर उभे असते आणि बिल काही निघत नाही. महिन्याच्या २० तारखेला जीएसटीचे विवरणपत्र भरायचे असते आणि नेमका त्याच दिवशी संगणक गोठून बसतो. विवरणपत्र उशिरा गेले की विलंब शुल्क लागते आणि थकलेल्या करावर वर्षाला १८ टक्के दराने व्याजही भरावे लागते.

अशा वेळी बहुतेकांना एकच सल्ला मिळतो : ‘जुना झाला, नवा घ्या.’ मग हातात रोकड नसली की हप्ते आणि हप्त्यांमागे व्याज येते. वस्तुतः पाच-सात वर्षांचा संगणक म्हातारा झालेला नसतो. बहुतेक वेळा त्याची देखभाल झालेली नसते, एवढेच. यंत्रमागाला वेळेवर तेल लागते. शिवणयंत्राच्या शटलखाली साचलेला धागा काढावा लागतो. संगणकही यंत्रच आहे. त्याचे तेलपाणी कोणते, ते या लेखात क्रमाने पाहू. क्रम मात्र चुकवू नये, कारण पहिली पायरी गाळली तर नफ्याऐवजी नुकसान पदरात पडते.

पहिली पायरी : आधी हिशेबाची नक्कल

ही गोष्ट आम्ही स्वतः नुकसान सोसून शिकलो. आमच्या दुकानातील संगणक काही आठवडे रखडत होता. डिस्कमधून अधूनमधून टक्-टक् असा आवाज यायचा. ईदच्या खरेदीचे दिवस होते, म्हणून आम्ही दुर्लक्ष केले. एके दिवशी वेळ काढून ‘साफसफाई’ करायला बसलो आणि अर्ध्यातच डिस्क बंद पडली. शेवटची नक्कल चार महिन्यांपूर्वीची होती. चार महिन्यांची उधारी गेली. पुढचे दोन महिने आम्ही जुन्या चिठ्ठ्या, पावतीपुस्तके आणि गिऱ्हाइकांची स्मरणशक्ती यांच्या आधारे खाती पुन्हा उभी केली. पुष्कळ जणांनी आपण होऊन बाकी सांगितली आणि फेडली, त्यांचे आम्ही ऋणी आहोत. काही रकमा मात्र कायमच्या बुडाल्या. दोष कोणा दुसऱ्याचा नव्हता, आमचाच होता.

म्हणून संगणकाला हात लावण्यापूर्वी हिशेब, बिले, गिऱ्हाइकांची यादी, नक्षीकामाचे नमुने, कागदपत्रांचे स्कॅन, जे जे गेले तर पुन्हा मिळणार नाही, ते सर्व बाहेरच्या डिस्कवर किंवा पेनड्राइव्हवर उतरवून घ्या. टॅलीमध्ये कंपनीचा बॅकअप घेण्याची सोय आहे, ती वापरा. नकला दोन असाव्यात आणि त्यांतली एक दुकानाबाहेर, घरी असावी. आग, चोरी किंवा पुराचे पाणी आले तर दुकानातल्या दोन्ही नकला एकदमच जातात. नक्कल घेतल्यावर ती दुसऱ्या संगणकावर उघडून पाहा. जी नक्कल उघडत नाही, ती नक्कलच नव्हे.

इथे कायद्याचाही प्रश्न आहे. जीएसटी कायद्यानुसार नोंदणीकृत व्यापाऱ्याने हिशेबाची कागदपत्रे त्या वर्षाचे वार्षिक विवरणपत्र भरण्याच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने, म्हणजे सहा वर्षे जपून ठेवायची असतात. ‘डिस्क गेली’ हे उत्तर तपासणीच्या वेळी कामी येत नाही.

दुसरी पायरी : दुखणे नेमके कुठे आहे?

हकीम आधी नाडी पाहतो, मग औषध देतो. संगणकाची नाडी पाहण्याची सोय त्यातच आहे. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकत्र दाबा. ‘टास्क मॅनेजर’ नावाची खिडकी उघडेल. ती लहान दिसली तर खालच्या ‘मोअर डिटेल्स’वर टिचकी मारा. विंडोज १० मध्ये सीपीयू, मेमरी आणि डिस्क असे रकाने टक्केवारीसह दिसतील. संगणक रखडत असतानाच हे आकडे पाहा.

डिस्कचा आकडा सतत १०० टक्क्यांवर आणि बाकीचे दोन कमी असतील, तर दोष डिस्कचा. मेमरी ८५-९० टक्क्यांच्या वर असेल, तर मेमरी अपुरी आहे. सीपीयू सतत १०० टक्के असेल, तर एखादा प्रोग्रॅम अडकला आहे, विषाणू शिरला आहे किंवा यंत्र तापते आहे. रकान्याच्या नावावर टिचकी मारली की सर्वांत जास्त खाणारा प्रोग्रॅम यादीत वर येतो.

एक बारकावा लक्षात ठेवा. मेमरी भरली की विंडोज डिस्कचाच काही भाग मेमरीसारखा वापरू लागते आणि मग डिस्कचा आकडाही वर जातो. तेव्हा दोन्ही आकडे वर असतील तर आधी मेमरीवर संशय घ्यावा.

तिसरी पायरी : बिनखर्चाचे उपाय

‘शटडाउन’ आणि ‘रीस्टार्ट’ यांतला फरक. अनेकांना वाटते की रोज रात्री संगणक बंद केला म्हणजे सकाळी तो ताजातवाना होतो. विंडोज ८ पासून ‘फास्ट स्टार्टअप’ नावाची सोय आली. तिच्यामुळे शटडाउन करताना व्यवस्थेचा काही भाग डिस्कवर जसाच्या तसा साठवला जातो आणि सकाळी तोच परत येतो. ‘रीस्टार्ट’ केले तरच सर्व काही नव्याने सुरू होते. म्हणून आठवड्यातून एकदा तरी रीस्टार्ट करा. फुकटचा उपाय आहे, पण गुण पुष्कळ.

सकाळची गर्दी कमी करा. संगणक सुरू होताच अनेक प्रोग्रॅम न बोलावता जागे होतात. टास्क मॅनेजरमधील ‘स्टार्टअप’ या पानावर त्यांची यादी असते. जे रोज लागत नाहीत त्यांच्यावर उजवी टिचकी मारून ‘डिसेबल’ करा. प्रोग्रॅम काढला जात नाही, फक्त आपण होऊन उठत नाही. पाहिजे तेव्हा तुम्ही तो उघडू शकता. विषाणूरोधक प्रोग्रॅम, छपाईयंत्र आणि आवाजाशी संबंधित नावे मात्र तशीच राहू द्या. नाव ओळखीचे नसेल तर हात लावू नका.

एका दुकानाला एकच पहारेकरी. दोन विषाणूरोधक प्रोग्रॅम एकाच वेळी बसवले तर दोघेही प्रत्येक फाइल तपासतात आणि एकमेकांच्या वाटेत येतात. विंडोज १० आणि ११ मध्ये स्वतःचा विषाणूरोधक असतो. दुसरा विकत घेतला असेल तर तो ठेवा, पण तिसरा नको. मुदत संपलेला असेल तर काढून टाका.

सी ड्राइव्हला श्वास घेऊ द्या. सी ड्राइव्ह काठोकाठ भरला की विंडोजला तात्पुरत्या फाइलींसाठी जागा उरत नाही. साधारण १५ ते २० टक्के जागा मोकळी असावी. सेटिंग्ज, सिस्टीम, स्टोरेज या मार्गाने गेलात की ‘टेम्पररी फाइल्स’ पुसण्याची सोय दिसेल. तिथे एक सावधगिरी हवी. पुसण्याच्या यादीत ‘डाउनलोड्स’ आणि ‘रीसायकल बिन’ हेही असू शकतात. पुष्कळ व्यापारी चलने, बँकेची पत्रके आणि गिऱ्हाइकांनी पाठवलेले नमुने डाउनलोड्समध्येच पडू देतात. आधी ते नीट जागी हलवा, मगच खूण करा. लग्नाच्या चित्रफिती आणि मुलांचे खेळ दुकानाच्या संगणकावर असतील तर त्यांना बाहेरच्या डिस्कची वाट दाखवा.

ब्राउझरच्या खिडक्या आवरा. आजकाल सर्वाधिक मेमरी खातो तो ब्राउझर. बँक, जीएसटी, व्हॉट्सॲप, बातम्या अशी पंधरा पाने उघडी ठेवून संगणक मंद आहे म्हणणे म्हणजे हातगाडीवर ट्रकचा माल लादून बैलाला दोष देणे होय. काम झाले की पान बंद करा. ब्राउझरला चिकटलेली अनोळखी ‘एक्स्टेन्शन्स’ काढून टाका.

सजावट कमी करा. खिडक्यांच्या सावल्या, सरकत येणारे पडदे यांवरही ताकद खर्च होते. ‘सिस्टीम प्रॉपर्टीज’मधील ‘ॲडव्हान्स्ड’ या पानावर ‘परफॉर्मन्स’ आहे. तिथे ‘बेस्ट परफॉर्मन्स’ निवडा. पडदा साधा दिसेल, पण बिल लवकर निघेल. लॅपटॉप असेल तर तो ‘पॉवर सेव्हर’वर अडकलेला नाही ना, तेही पाहा.

चौथी पायरी : धूळ, तूस आणि उष्णता

मालेगाव, भिवंडी, इचलकरंजी येथील बांधवांनी हा भाग विशेष लक्ष देऊन वाचावा. यंत्रमागाच्या शेजारी ठेवलेल्या संगणकात सुताचे तूस शिरते आणि पंख्याखालील जाळीदार धातूवर गोधडीसारखे बसते. सुताराच्या दुकानात लाकडाचा भुसा आणि बेकरीत मैदा हेच काम करतो. वारा अडला की प्रोसेसर तापतो. तापलेला प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी आपला वेग मुद्दाम कमी करतो, आणि त्यातूनही भागले नाही तर संगणक एकदम बंद पडतो.

हे दुखणे ओळखणे सोपे आहे. सकाळी संगणक बरा चालतो, अर्ध्या-पाऊण तासाने मंदावतो आणि पंख्याचा आवाज वाढत जातो, तर समजा की धूळ साचली आहे.

साफ करण्याची रीत अशी. संगणक बंद करा, वायर भिंतीतून काढा, नंतर चालू करण्याचे बटण काही सेकंद दाबून धरा म्हणजे उरलेली वीज निघून जाईल. पेटी दुकानाबाहेर न्या, बाजूचे झाकण काढा. मऊ, कोरड्या ब्रशने आणि हवेच्या ब्लोअरने तूस उडवा. हवा मारताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवा. हवेच्या जोराने पंखा भलताच वेगाने फिरला तर बिघडतो. ओले फडके वापरू नका. वीजपुरवठ्याची बंद पेटी कधीही उघडू नका. वायर काढल्यावरही तिच्यात धोकादायक दाब राहू शकतो.

संगणक चालू करताना नुसत्या शिट्ट्या वाजत असतील आणि पडदा काळा राहत असेल, तर मेमरीची पट्टी काढून तिचे सोनेरी दात स्वच्छ खोडरबराने हलकेच पुसा, कण झटका आणि पट्टी दोन्ही बाजूंनी ‘टक्’ होईपर्यंत बसवा. प्रोसेसर आणि जाळीदार धातू यांच्यामध्ये उष्णता वाहून नेणारा लेप असतो. तो अनेक वर्षांनी वाळतो. तो बदलण्याचे काम जाणकाराकडून करून घ्यावे. लॅपटॉपही घरी उघडू नये.

पेटी जमिनीवर ठेवू नका. एक-दीड फूट उंच लाकडी फळीवर ठेवा आणि मागे वारा जायला जागा सोडा. रात्री कापड झाकायचे तर संगणक पूर्ण बंद झाल्यावरच झाका.

पाचवी पायरी : थोडा खर्च, मोठा फरक

वरील सर्व करूनही डिस्कचा आकडा १०० टक्क्यांवरच राहत असेल, तर खर्च करण्याची पहिली जागा डिस्क हीच आहे. जुन्या हार्ड डिस्कमध्ये तबकड्या मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे घेतात आणि एक सुई जागा शोधत इकडून तिकडे पळते. प्रत्येक फाइलीसाठी हा शोध नव्याने घ्यावा लागतो. एसएसडी या नव्या प्रकारच्या डिस्कमध्ये फिरणारे काहीच नसते. त्यामुळे शोधण्याचा वेळ जवळजवळ उरतच नाही. सलग वाचनात जुनी डिस्क सेकंदाला साधारण १०० ते १५० एमबी देते, तर साटा जोडणीची एसएसडी ५०० एमबीच्या आसपास देते. लहान-लहान फाइलींच्या कामात तर हा फरक कित्येक पटींनी वाढतो. विंडोज सुरू होणे, टॅली उघडणे ही सर्व लहान फाइलींचीच कामे आहेत.

गेल्या पंधरा वर्षांतील बहुतेक संगणकांत साटा जोडणी असते, म्हणून अडीच इंची साटा एसएसडी त्यांना चालते. हिशेबाच्या कामाला २५६ जीबी पुरते. नामांकित कंपनीची घ्या, पक्के बिल आणि वॉरंटी घ्या. दर सतत बदलतात, तेव्हा दोन-तीन ठिकाणी विचारा. जाणकार माणूस जुन्या डिस्कची हुबेहूब नक्कल नव्या डिस्कवर उतरवून देतो. जुनी डिस्क लगेच पुसू देऊ नका. महिनाभर सर्व ठीक चालले की मग तिचे काय करायचे ते ठरवा.

एसएसडीबाबत दोन गोष्टी लक्षात ठेवा. ती जाताना बहुधा आवाज करत नाही, एकदम जाते. म्हणून नकला घेण्याचे काम संपत नाही. दुसरे, ‘डिफ्रॅगमेंट’ हा उपाय फिरणाऱ्या डिस्कसाठी आहे. एसएसडीवर तो करू नये. तिची निगा विंडोज स्वतःच राखते.

मेमरी अपुरी असेल तर ४ जीबीची ८ जीबी करावी. पण आधी पट्टीचा प्रकार पाहा. डीडीआर-३ च्या जागी डीडीआर-४ बसत नाही, दोघींच्या खाचा वेगळ्या असतात. जुनी पट्टी सोबत घेऊनच दुकानात जा. विंडोज ३२ बिटची असेल तर ४ जीबीच्या पुढील मेमरी तिला वापरताच येत नाही. तिथे आधी विंडोज ६४ बिटची करावी लागेल, नाहीतर पैसे वाया जातील.

आणखी एक छोटी वस्तू म्हणजे मदरबोर्डवरील नाण्यासारखी बॅटरी. तिचा क्रमांक सीआर-२०३२ असतो. ती संपली की संगणकाची तारीख मागे जाते. मग बिलांवर चुकीच्या तारखा पडतात आणि बँकेची व जीएसटीची संकेतस्थळे ‘जोडणी सुरक्षित नाही’ असे म्हणू लागतात. लोक इंटरनेटवाल्याला दोष देतात आणि दुखणे असते त्या एका नाण्यात.

विंडोजच्या वयाचे काय?

विंडोज ७ ची सुरक्षा-दुरुस्ती जानेवारी २०२० मध्ये थांबली. विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. याचा अर्थ संगणक बंद पडतो असा नाही. पण चोरांना नवी फट सापडली तर ती बुजवणारा राहत नाही. विंडोज ११ साठी किमान ४ जीबी मेमरी, ६४ जीबी जागा, टीपीएम २.० आणि कंपनीच्या यादीतील तुलनेने नवा प्रोसेसर लागतो. इंटेलच्या बाबतीत साधारणपणे आठव्या पिढीपासून पुढचा. तुमचा संगणक त्यात बसत नसेल तर आमचा सल्ला असा : बँकेचे आणि कराचे काम सुरक्षित संगणकावर करा आणि जुन्याला इंटरनेटपासून तोडून बिले छापणे, मालाची यादी ठेवणे अशी कामे द्या. केवळ टंकलेखन आणि वाचनापुरता हवा असेल तर लिनक्स मिंटसारखी विनामूल्य व्यवस्था जुन्या यंत्रावरही बरी चालते. मात्र टॅली विंडोजसाठी आहे, हे ध्यानात ठेवा.

मदरबोर्डच गेला असेल किंवा दुरुस्तीचा एकूण खर्च चांगल्या वापरलेल्या संगणकाच्या निम्म्या किमतीपलीकडे जात असेल, तर दुरुस्तीचा हट्ट धरू नये. जुना विकताना डिस्क काढून ठेवा. नुसते ‘डिलीट’ केल्याने हिशेब नाहीसा होत नाही. जाणकार माणूस तो परत काढू शकतो, आणि त्यात तुमच्या गिऱ्हाइकांची नावे व फोन क्रमांकही असतात. ती त्यांची अमानत आहे.

यांपासून दूर राहा

‘तुमच्या संगणकात ५०० दोष सापडले, ताबडतोब या क्रमांकावर फोन करा’ असा पडदा अचानक आला तर तो भामट्यांचा असतो. फोन करू नका आणि अनोळखी माणसाला दूरून तुमचा संगणक चालवू देऊ नका. एका टिचकीत वेग दुप्पट करण्याचे वचन देणारे प्रोग्रॅम आणि ‘रजिस्ट्री’ साफ करणारे प्रोग्रॅम यांचा उपयोग नगण्य आणि धोका मोठा. चोरून उघडलेले सॉफ्टवेअर फुकट वाटते, पण त्यासोबत विषाणूही पुष्कळदा फुकट मिळतो.

देखभालीचे वेळापत्रक

रोज : दुकान बंद करताना हिशेबाची नक्कल.
दर आठवड्याला : एक रीस्टार्ट, आणि दुसरी नक्कल घरी.
दर महिन्याला : सी ड्राइव्हची जागा आणि स्टार्टअपची यादी पाहणे. एक नक्कल उघडून तपासणे.
दर सहा महिन्यांनी : आतील धूळ काढणे. यंत्रमागाजवळ असेल तर दोन महिन्यांनी.
केव्हाही : डिस्कमधून टक्-टक् आवाज आला तर इतर सर्व कामे सोडून आधी नक्कल.

यातील बहुतेक कामांना पैसा लागत नाही, दुकानाच्या सुट्टीच्या दिवशीचे दोन तास लागतात. घरातील शिकणाऱ्या मुलाला किंवा मुलीला सोबत बसवा. त्यांचा हात लवकर बसतो, आणि आपल्या दुकानाचा हिशेब कसा जपायचा हेही त्यांना त्याच वेळी कळते. आमची चार महिन्यांची उधारी एका टक्-टक् आवाजाकडे दुर्लक्ष केल्यामुळे गेली. तुमची जाऊ नये, म्हणून आज दुकान बंद करण्यापूर्वी पहिली नक्कल घ्या. बाकीच्या पायऱ्या उद्यापासून केल्या तरी चालतील.